शाळेला बस नाही: मुलांच्या ने-आणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेची बस कधी नव्हतीच, किंवा होती आणि यंदा बंद झाली, अशा महाराष्ट्रातल्या पालकांसाठी हे पान आहे. रिक्षा, व्हॅन, दुचाकी, सायकल, एसटी आणि पायी जाणं या सगळ्यांबद्दल इथे लिहिलंय. वाहन कुठलंही असो, बहुतेक घोटाळे हातबदलात होतात. आईकडून रिक्षावाल्या काकांकडे, काकांकडून गेटकडे, शिक्षिकेकडून परत काकांकडे मूल जातं तेव्हाची ती दोन-तीन मिनिटं जपायची असतात. ‘या क्षणी मूल कुणाच्या ताब्यात आहे?’ याचं उत्तर दिवसभरात कधीही एका नावात देता आलं पाहिजे. पुढची उत्तरं वाचताना ही कसोटी लावत चला.

सुरुवात कुठून करायची? रिक्षावाले काका शोधू का?

आधी वेळ मोजा. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता शाळेच्याच दिवशी आणि शाळेच्याच वेळी एकदा करून बघा. रविवारी मोजलेली दहा मिनिटं सोमवारी कामाला येत नाहीत. मग उलटा हिशेब मांडा. समजा गेट ९.१० ला बंद होतं आणि शाळा सव्वा किलोमीटरवर आहे. पहिली-दुसरीतलं मूल दप्तरासकट तासाला तीन किलोमीटरच्या आसपास चालतं, म्हणजे पंचवीस मिनिटं. वाटेत दोन मोठे रस्ते ओलांडायला दोन-दोन मिनिटं धरा आणि गेटवर पाच मिनिटं हाताशी ठेवा. घरातून ८.३५ ला निघावं लागतं. हा आकडा समोर आला की पायी, दुचाकी की रिक्षा हे अर्धं आपोआप ठरतं.

परतीचा हिशेब वेगळा करा. सकाळी घरात कुणीतरी असतं. दुपारी साडेबाराला बरेचदा कुणी नसतं, आणि लोक अडकतात ते तिथेच. शनिवारची सकाळची शाळा, परीक्षेच्या दिवसांत लवकर सुटणं, पालकसभेची अर्धी सुट्टी या तारखा जूनमध्येच शाळेकडून मागून घ्या. २०२४ च्या फेब्रुवारीतल्या शासन निर्णयानंतर चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे आहेत. त्यामुळे धाकटा चौथीत आणि मोठी सहावीत असेल तर एकाच शाळेत भरण्याच्या दोन वेगळ्या वेळा असू शकतात. त्या दोन फेऱ्या धरूनच व्यवस्था लावा.

किती अंतर पायी जमतं?

बालवाडीतल्या मुलाला अर्धा किलोमीटर, पहिली ते चौथी एक ते सव्वा, पाचवीपासून दोन किलोमीटर आरामात. हा आमचा अंदाज आहे, नियम नव्हे. अंतरापेक्षा दप्तर जास्त छळतं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. वीस किलोच्या मुलाला दोन किलो, आणि भरलेली लिटरची बाटली एकटीच एक किलोची होते. शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर बाटली निम्मी भरून द्या. दप्तराचे दोन्ही पट्टे खांद्यावर हवेत आणि तळ कमरेच्या खाली लोंबता कामा नये.

सोसायटीतली मुलं मिळून पायी पाठवायची आहेत. कसं जमवायचं?

सहा ते आठ लहान मुलांमागे एक मोठं माणूस, आणि गट कितीही छोटा असला तरी निदान दोघं मोठी. एक पुढे, एक अगदी शेवटी. शेवटचा माणूस सर्वांत महत्त्वाचा, कारण बुटाची नाडी सुटली की मूल मागे पडतं आणि पुढच्याला ते दिसत नाही.

थांबे ठरवा आणि प्रत्येकाला वेळ द्या: ‘दत्तमंदिराचा कट्टा ६.४०, गिरणीचा कोपरा ६.४६.’ दोन मिनिटांपेक्षा जास्त कुणासाठी थांबू नका. एका घरासाठी पाच मिनिटं थांबलात की आठवड्याभरात सगळा गट पाच मिनिटं उशिरा निघायला लागतो. उशीर झाला तर त्या पालकांनी मूल स्वतः सोडायचं, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. नाहीतर पुढे वाईटपणा येतो.

गटप्रमुखाच्या खिशात नावांची यादी आणि प्रत्येक घरचे दोन फोन नंबर कागदावर हवेत, कारण मोबाइलची बॅटरी संपते. निघताना, मोठा रस्ता ओलांडल्यावर आणि गेटवर अशी तीनदा मोजणी करा. गेटवरून गटावर एक संदेश टाका: ‘सात पोचले.’ नुसतं ‘पोचलो’ लिहिलंत तर किती जण ते कळत नाही.

रस्ता ओलांडायला मुलांना नेमकं काय शिकवायचं?

फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. ओलांडताना आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघायचं. दुभाजक असेल तर ते दोन वेगळे रस्ते समजायचे. दुभाजकावर थांबून नव्याने बघायचं, तेही डावीकडे आधी, कारण पलीकडची वाहनं तिकडून येतात. आणि उलट्या दिशेने दुचाकी दामटणारे आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा दोन्हीकडे बघणं कधीच सोडायचं नाही.

उभ्या असलेल्या टेंपो-रिक्षांच्या मधून रस्त्यावर येणं सर्वांत घातक. मुलाची उंची बॉनेटएवढी, त्यामुळे ते चालकाला दिसत नाही. थोडं पुढे जाऊन मोकळ्या जागेतून ओलांडायला शिकवा. एसटीतून उतरल्यावर गाडीच्या पुढून धावायचं नाही, गाडी निघून जाईपर्यंत कडेला उभं राहायचं. शिकवायची पद्धतही सोपी आहे. आठवडाभर तुम्ही सांगा, दुसऱ्या आठवड्यात मुलाला तुम्हाला न्यायला सांगा आणि गप्प बसा. कुठे चुकतं ते तिथेच कळतं.

एकटं कोणत्या वयापासून पाठवावं?

वयाचा आकडा सांगत नाही. मुलाला घरचे दोन फोन नंबर तोंडपाठ हवेत. वाटेवरची ओळखीची तीन ठिकाणं (दुकान, दवाखाना, मावशीचं घर) सांगता यायला हवीत. अनोळखी माणूस ‘आईने पाठवलंय’ म्हणाला तर घरचा परवलीचा शब्द विचारायचं सुचायला हवं. आणि मित्राने हाक मारली तरी रस्त्यात धावायचं नाही, हे सलग महिनाभर दिसायला हवं. पहिल्या तीन गोष्टी आठ वर्षांच्या मुलाला येतात. चौथी बऱ्याच अकरा वर्षांच्यांनाही येत नाही.

रिक्षा किंवा व्हॅन ठरवताना काय काय बघायचं?

कागद आधी बघायचे, स्वभाव नंतर. मागायला संकोच वाटतो, पण नीट धंदा करणारे काका सगळे कागद एका पिशवीत घेऊनच फिरतात.

गाडीच्या क्रमांकाची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी हवीत. विजेवरची भाड्याची गाडी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. एम-परिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा क्रमांक टाकलात की वाहनाचा प्रकार, फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. हे काम दोन मिनिटांचं आहे. चालकाचं लायसन्स आणि बॅज बघा आणि दोन्हीचा फोटो काढून ठेवा. बदली चालक येणार असेल तर त्याचेही कागद तेवढेच महत्त्वाचे. काका आजारी पडले की भाचा येतो, आणि तो भाचा कुणीच पाहिलेला नसतो.

गाडी सीएनजीवर असेल तर टाकीची पाटी वाचा. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि पुढची तारीख त्या पाटीवर असते. जुन्या व्हॅनमध्ये टाकी मागे असते आणि तिच्यावर फळी टाकून मुलं बसवतात. त्या फळीवर तुमच्या मुलाला बसवू देऊ नका. मागून धडक बसली तर पहिला मार तिथेच बसतो, शिवाय तिथून बाहेर पडायला दार नसतं. सरकतं दार आतून उघडतं का आणि पूर्ण लागतं का, ते स्वतः ओढून बघा. रिक्षात उजव्या बाजूला आडवी दांडी किंवा जाळी हवी. दप्तरं बाहेर लटकवलेली असतील तर ती शेजारच्या दुचाकीच्या हँडलला अडकतात.

आणि मार्गाचा क्रम विचारा: पहिलं मूल कोणतं, शेवटचं कोणतं. शेवटच्या मुलाला काकांबरोबर एकट्याने किती वेळ काढावा लागतो? तो वेळ दहा मिनिटांच्या वर असेल तर क्रम बदलायला सांगा, किंवा दोन भावंडं शेवटी ठेवायला सांगा. हा प्रश्न फार थोडे पालक विचारतात.

काका म्हणतात, ‘लहान मुलं आहेत, आठ बसतात.’ बसू द्यायची का?

नाही. रिक्षाचा परवाना तीन प्रवाशांचा असतो. मुलं बारीक आहेत म्हणून एखाद-दुसरं जास्त बसतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण समोर फळी टाकून दुसरी ओळ केली की ब्रेक लागताच फळीवरची मुलं पाठीमागे चालकावर आदळतात. चालकाच्या शेजारी बसवलेल्या मुलाचा गुडघा हँडलला लागतो आणि वळताना हँडल पुरतं फिरत नाही. तुमचं मूल मागच्या सीटवर असलं तरी पुढे बसलेल्या मुलाचा धोका त्यालाही आहेच. तेव्हा ‘माझ्या मुलाला आत बसवा’ हा तोडगा नव्हे. कमी मुलं, थोडे जास्त पैसे, हे चार पालकांनी मिळून सांगितलं तर काका ऐकतात. एकट्याने सांगितलं तर दुसरं गिऱ्हाईक बघतात.

पैसे दहा महिन्यांचे की अकरा? मे महिन्याचं काय?

दरवर्षीचं भांडण आहे हे. काकांचं म्हणणं, गाडीचा हप्ता मेमध्येही भरावा लागतो. पालकांचं म्हणणं, गाडी आली नाही तर पैसे कसले. दोघांचंही खरं आहे. म्हणून जूनमध्येच एका कागदावर लिहून घ्या: किती महिने, दिवाळीचा महिना पूर्ण की निम्मा, मूल आठवडाभर आजारी पडलं तर काय, पेट्रोल-सीएनजी वाढलं तर वर्षाच्या मध्ये भाडं वाढणार का, आणि सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. दोघांच्या सह्या आणि मोबाइलवर फोटो. पैसे यूपीआयने द्या, तीच पावती.

शेजारचे काका स्वतःच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीतून नेतात आणि महिन्याला पैसे घेतात. ओळखीचे आहेत, मग हरकत काय?

खासगी गाडी भाड्याने चालवणं म्हणजे परवान्याशिवाय वाहतूक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२अ खाली पहिल्या गुन्ह्यालाच दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण पालकांच्या दृष्टीने खरी अडचण विम्याची. खासगी वापराचा विमा असलेली गाडी भाड्याने चालली असं दिसलं की अपघातानंतर कंपनी भरपाईवरून वाद घालते, आणि दवाखान्याचं बिल तर त्याच दिवशी भरायचं असतं.

मग आम्ही पालकांनीच आळीपाळीने गाडी काढली तर?

चांगला मार्ग आहे. यात कुणी नफा कमवत नाही, प्रत्येकजण आपल्या दिवशी आपली गाडी काढतो. तीन घरं सर्वांत सोपी पडतात. पाच घरं कागदावर छान दिसतात, पण मुलं एका गाडीत मावत नाहीत. मागच्या सीटवर तीन पट्टे, म्हणून तीन मुलं. मांडीवर चौथं नको. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना बसवलं तर कलम १९४ब खाली हजार रुपये दंड आहे. मुलाची उंची साधारण साडेचार फुटांच्या आत असेल तर पट्टा छातीऐवजी मानेवर येतो, तेव्हा खाली उंच आसन लागतं. ते आसन मुलाबरोबर गाडी बदलत राहतं, म्हणून त्यावर नाव लिहा.

पाळी वारानुसार ठेवा, तारखेनुसार नको. ‘मंगळवार कुलकर्ण्यांचा’ हे डोक्यात राहतं. बदल करायचा असेल तर आदल्या रात्री ९ च्या आत, आणि समोरच्याने ‘हो’ लिहिल्याशिवाय बदल झाला असं धरायचं नाही. दोन निळ्या खुणा म्हणजे होकार नव्हे. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावा, मुलांना नेहमी फुटपाथच्या बाजूने उतरवा, आणि गाडी बंद करण्याआधी मागच्या सीटकडे वळून बघा. झोपलेलं मूल आरशात दिसत नाही.

दुचाकीवर मुलाला कसं बसवायचं?

याबद्दल सर्वांत जास्त विचारलं जातं आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

स्कूटरच्या पुढच्या मोकळ्या जागेत उभं केलेलं मूल बघायला गोड दिसतं. पण ब्रेक लागला की त्याची छाती किंवा हनुवटी थेट हँडलवर आपटते आणि मागून तुमचं वजन त्याच्यावर येतं. त्यातून थांबलेल्या गाडीवर मुलाच्या हाताने ॲक्सिलरेटर पिळला गेला की गाडी उडी मारते. मूल मागेच बसवा.

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला कलम १२९ प्रमाणे हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी २०२३ च्या फेब्रुवारीपासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३८ लागू आहे: हेल्मेट, चालकाला मूल बांधणारा सुरक्षा पट्टा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हा पट्टा ३० किलोपर्यंत वजन पेलणारा, कमी-जास्त करता येणारा आणि पाण्याने न भिजणारा असावा असं नियमात आहे. मुलाच्या अंगात बंडीसारखा घालायचा, त्याचे पट्टे तुमच्या खांद्यांवरून घ्यायचे. मोठ्या भावंडाला चार वर्षं होऊन गेली असली तरी ते मागे डुलक्या काढत असेल तर पट्टा वापराच. दुपारी शाळा सुटल्यावर जेवलेलं मूल पाच मिनिटांत पेंगतं.

हेल्मेट घेताना डोक्याचा घेर भुवयांच्या बोटभर वर फीत धरून मोजा. आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. बसवल्यावर भुवयांच्या वर दोन बोटांपेक्षा जास्त कपाळ दिसू नये, हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जावं, आणि मुलाने मान हलवली तर हेल्मेट मानेबरोबर हलावं. ‘पुढच्या वर्षीही येईल’ म्हणून मोठं घेतलेलं हेल्मेट पडताना पहिलं निसटतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला, आतलं थर्माकोलसारखं अस्तर दबलेलं असतं.

आता पाय. ज्याचे पाय मागच्या पायदाणीला टेकत नाहीत, त्याची टाच चाकाच्या तारांत जाते, आणि अशी टाच महिनोन्महिने भरत नाही. मोटरसायकलला डाव्या बाजूची जाळी, म्हणजे साडीगार्ड, काढून टाकू नका. चप्पल नको, बूट घाला. चढणं-उतरणं नेहमी डावीकडून, कारण बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि हाफपँटमधली पोटरी त्यावर भाजते. ओढणी, रेनकोटची शेपटी, दप्तराचा लोंबता पट्टा हे सगळं बसण्याआधी खोचून घ्या. दप्तर मुलाच्या पाठीवर ठेवलं तर ते मागे खेचतं. ते तुमच्या पायाशी हुकाला अडकवा.

दोन मुलं आहेत. दोघांनाही एकदम नेता येईल का?

कायद्याने नाही. चालकामागे एकच माणूस, मग तो पाच वर्षांचा असला तरी. दंड हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबित. लहान मुलांसाठी सूट द्या अशी मागणी केरळने २०२३ मध्ये केंद्राकडे केली होती, ती मान्य झाली नाही. दोन फेऱ्या करणं, एकाला पायी गटात घालणं किंवा रिक्षा, यांतलंच काहीतरी करावं लागेल. रोज हजारो आया तिघांनी जातात हे खरं, त्यांना दुसरा मार्ग नसतो हेही खरं. पण दुसरं मूल धरणार कशाला, हा प्रश्न उरतोच.

सायकल कोणत्या मापाची घ्यावी?

उंची ११५ ते १३५ सेंटिमीटर असेल तर २० इंची, १३५ ते १५० ला २४ इंची, त्यावर २६. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले पाहिजेत. गिअरच्या सायकली दिसायला झकास, पण गावच्या दुकानात त्याचा सुटा भाग मिळत नाही. रोज शाळेला न्यायची तर साधी, पूर्ण चेनकव्हर असलेली, मडगार्ड, कॅरिअर आणि घंटीवाली घ्या. अर्धं चेनकव्हर असेल तर सलवार किंवा पँटची मोहरी दर आठवड्याला फाटते.

सोमवारी सकाळी तीन गोष्टी बघायच्या. टायर अंगठ्याने दाबून बघा, दबला तर हवा भरा. ब्रेक दाबल्यावर हँडल आणि ब्रेकची पट्टी यांत दोन बोटांचं अंतर उरलं पाहिजे. चेन मधोमध बोटाने वर उचलली तर साधारण अर्धा इंच हलावी. जास्त सैल चेन चढावर उतरते आणि मूल दांडीवर आपटतं. पावसाळ्यात ब्रेकचे रबर लवकर झिजतात, ऑगस्टमध्ये एकदा बदलून टाका. मागे लाल परावर्तक हवाच, हिवाळ्यात सकाळच्या शाळेला अंधार असतो.

नववीतला मुलगा म्हणतो, स्कूटर द्या.

नको. सोळा वर्षांनंतर फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं लायसन्स मिळतं, आणि नेहमीच्या स्कूटर ११० सीसीच्या आसपासच्या किंवा त्याहून मोठ्या असतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

गावात एसटीच आहे. पास आणि गाडीच्या वेळेचं काय?

विद्यार्थी पासात भाड्याच्या ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्सा भरायचा. ग्रामीण भागातल्या बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो. २०२४ च्या जूनपासून महामंडळाने पास थेट शाळेत द्यायला सुरुवात केली. तेव्हा आगारात रांग लावण्याआधी मुख्याध्यापकांना विचारा: यादी पाठवली का?

गाडीची वेळ शाळेशी जुळत नसेल तर एकेकट्याने वाहतूक नियंत्रकाशी भांडून उपयोग नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र आगार व्यवस्थापकांच्या नावाने द्या. त्यात मार्ग, शाळा भरण्या-सुटण्याची वेळ, शनिवारची वेगळी वेळ, आणि त्या गाडीने जाणाऱ्या पासधारक मुलांची थांब्यानुसार संख्या लिहा. ‘खूप मुलं’ असं लिहू नका, ‘फाट्यावर १४, वाडीवर ९’ असं लिहा. फेऱ्यांचा हिशेब आकड्यांवर चालतो. गाडी थांबली नाही तर तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहून ठेवा. आणि गाडी आलीच नाही तर मुलींनी कुठे थांबायचं, हे आधी ठरवा. उघड्या फाट्यापेक्षा शाळेचं आवार किंवा थांब्याजवळचं ओळखीचं दुकान बरं.

सरकारकडून काही मदत मिळते का?

राज्याच्या आरटीई (शिक्षणहक्क) नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत हवी. तशी नसेल तर वाहतुकीची सोय किंवा भत्ता मागता येतो. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी मुलामागे वर्षाला सहा हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर, सायकलसाठी पाच हजार रुपये मिळतात. पहिला हप्ता थेट खात्यात येतो, उरलेले खरेदीची पावती दिल्यावर. पावतीवर मुलीचं नाव टाकून घ्या.

शहरातल्या खासगी शाळांना हे लागू होणार नाही. पण २०११ च्या राज्याच्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असायला हवी. बस नसली तरी ही समिती स्थापन करायला सांगा. रिक्षा-व्हॅन कुठे उभ्या राहणार, हे ठरवायला तीच जागा.

शाळा सुटताना गेटवर नुसता गोंधळ असतो.

तीन बदल बरंच काम करतात. खालचे वर्ग दहा मिनिटं आधी सोडायचे. रिक्षा-व्हॅन एका बाजूला आणि पालकांच्या दुचाकी दुसऱ्या बाजूला, गेटसमोर वीस पावलं मोकळी. आणि मूल गेटच्या आत राहील, न्यायला येणारा आत येईल. बाहेर येऊन मुलाने आपली रिक्षा शोधायची नाही. न्यायला येणाऱ्यांची नावं आणि फोटो वर्गशिक्षिकेकडे द्या. नेहमीचा माणूस बदलणार असेल तर डायरीत लिहा आणि फोनही करा. नुसती डायरी दुपारपर्यंत दप्तरातच राहते.

मुसळधार पावसात काय करायचं?

सकाळी शंका असेल तर पाठवू नका. मूल शाळेत असताना पाऊस वाढला तर घाईने बाहेर काढू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा कितीतरी मुलं रात्रभर शाळेतच थांबली आणि सुखरूप राहिली, तर रस्त्यावर निघालेली वाहनं पाण्यात तासन्‌तास अडकली. काकांना स्पष्ट सांगून ठेवा: पाणी गुडघ्याला लागलं की मूल परत शाळेत सोडायचं, पुढे रेटायचं नाही. साचलेल्या पाण्यात गटाराची झाकणं दिसत नाहीत. विजेच्या खांबाला आणि फीडरच्या पेटीला हात लावायचा नाही, हे मुलांना दर जूनमध्ये नव्याने सांगा. गावाकडे पुलावरून पाणी वाहत असेल तर चालक कितीही म्हणो, थांबायचं.

जीपीएसचं घड्याळ घ्यावं का?

शाळेची परवानगी आधी विचारा, बऱ्याच शाळा ठेवू देत नाहीत. मूल कुठे आहे ते कळतं, कुणाबरोबर आहे ते कळत नाही.

मूल अचानक ‘त्या काकांबरोबर जायचं नाही’ म्हणायला लागलं तर?

त्या दिवसापुरतं तरी पाठवू नका. आधी स्वतः ने-आण करा, मग शांतपणे विचारा: कुठे बसतोस, शेजारी कोण, सगळे उतरल्यावर काय होतं. कधी मोठी मुलं चिडवत असतात, कधी उलटी झाली म्हणून काका ओरडलेले असतात. पण गोष्ट अंगाला हात लावण्याची असेल तर मुलाला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका आणि काकांशी परस्पर मिटवू नका. १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा आणि पोलिसांकडे जा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बऱ्या वाटेल त्या जागी घेतात, चौकीत बसवून ठेवत नाहीत.

ठरलेल्या वेळी मूल घरी आलं नाही. पहिलं काय करायचं?

पंधरा मिनिटं झाली की चालकाला फोन. उचलला नाही तर त्याच गाडीतल्या दुसऱ्या मुलाच्या घरी फोन, म्हणून सगळ्यांचे नंबर आधीच हवेत. त्यांचंही मूल आलं नसेल तर बहुधा गाडी बंद पडली असते किंवा वाहतुकीत अडकली असते. त्यांचं आलं आणि तुमचंच नाही, तर लगेच शाळेला फोन: वर्गातून कुणी नेलं? घरातल्या एकाने फोनजवळ थांबायचं आणि दुसऱ्याने नेहमीच्या वाटेने शाळेकडे निघायचं. दोघंही बाहेर पडलात तर मूल घरी येऊन कुलूप बघून परत फिरतं.

अर्ध्या तासात पत्ता लागला नाही तर ११२. चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे. मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवूनच तपास सुरू करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलेलं आहे. सोबत अलीकडचा फोटो, आज घातलेले कपडे, दप्तराचा रंग आणि गाडीचा क्रमांक द्या. मूल सापडलं की ज्यांना-ज्यांना कळवलं होतं त्या सगळ्यांना पुन्हा कळवा, काकांनाही. ते अजून गल्लोगल्ली शोधत असतात.